आप्पांची अमावस्या

नाशकात रात्री वीज गेली की बाकीची माणसं बाल्कनीत येतात आणि समोरच्या सोसायटीचीही गेली आहे ना, याची खात्री करून घेतात. आमचे आप्पा तोवर ट्रायपॉड खांद्यावर टाकून जिना चढायला लागलेले असतात. लिफ्ट बंद, गुडघे कुरकुरताहेत, पण चेहऱ्यावर आनंद मावत नाही. गच्चीवर पोचून ते कॅमेरा लावतात, व्याधाच्या ताऱ्यावर फोकस करतात, बटण दाबतात, आणि नेमकं तेव्हाच अख्खं इंदिरानगर लखलखून उठतं. खिडक्याखिडक्यांतून ‘आली, आली!’ असा गजर होतो. गच्चीवरूनही एक शब्द ऐकू येतो, पण तो इथे छापता येत नाही.

असा एक आप्पा हल्ली प्रत्येक शहरात सापडतो. वय पन्नाशीच्या पुढे, नोकरी पक्की, मुलं हाताशी आलेली, मणक्यात गॅप आणि खगोलछायाचित्रण जडलेलं. आमचे आप्पा सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीत आहेत. दिवसा मायक्रॉन, रात्री प्रकाशवर्षं. मधली किलो, लिटर वगैरे मापं वहिनींकडे.

हे दुखणं सुरू झालं ते न दिसलेल्या धूमकेतूपासून. २०२० च्या जुलैत निओवाइज आला. जगभरच्या लोकांनी त्याचे फोटो काढले आणि आप्पांच्या मोबाइलवर पाठवले. नाशकात तेव्हा आषाढ-श्रावणाचं आभाळ. आप्पा रोज संध्याकाळी वायव्येकडे तोंड करून ढग बघत. आता हा धूमकेतू परत यायला सहा हजारांवर वर्षं आहेत. ‘पुढच्या वेळी तयारीत राहायचं,’ असं म्हणून आप्पांनी दुर्बीण मागवली.

खोक्यावर कड्यांसह शनी आणि ‘६७५ पट’ अशी जाहिरात होती. आप्पा क्वालिटीतले असूनही फसले, याचं वहिनींना आजही समाधान आहे. आरशाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा आणि त्याची दुप्पट करावी. त्यापुढचं वर्धन म्हणजे नुसता धुरकटपणा मोठा करणं, हा नियम त्यांना नंतर कळला. शिवाय त्या दुर्बिणीचे पाय असे, की खालच्या मजल्यावर मिक्सर लागला तरी शनी थरथरायचा. ती दुर्बीण सध्या माळ्यावर आहे. तिच्यानंतर आलेली मोठ्या आरशाची डॉब्सोनियन बघायला झकास, पण ती ताऱ्यांच्या मागे आपोआप फिरत नाही, म्हणून फोटोला नालायक ठरली आणि आता तिच्यावर टॉवेल वाळतो.

एवढं पोळल्यावर आप्पा नवशिक्यांचे गुरू झाले. कॉलेजातली पोरं ‘काका, कोणती दुर्बीण घेऊ?’ म्हणून येतात. आप्पांचं उत्तर ठरलेलं: ‘काही घेऊ नकोस.’ मग दीड तास बोलतात. घरात असेल तो कॅमेरा घे. स्टँड घे, पण प्लॅस्टिकचा नको. जमलं तर पन्नास मिलिमीटरची एक-पॉइंट-आठ लेन्स, ती स्वस्त आणि उजेडाला हावरी. पाचशेला लेन्सच्या लांबीनं भाग, तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा असेल तर आणखी दीड-पावणेदोनच्या मधल्या आकड्यानं भाग. जितके सेकंद येतील तितकाच वेळ शटर उघडं ठेवायचं. म्हणजे पन्नासच्या लेन्सला सहा-एक सेकंद, किट लेन्सच्या अठराला सतरा. त्यापुढे गेलास तर ठिपक्यांच्या रेघा होतील, कारण पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते आणि तुझ्यासाठी थांबत नाही. ऑटोफोकस बंद. लेन्सवर अनंताची खूण असते तिच्यावर विश्वास ठेवू नकोस, अनंत तिथे नसतं. ठळक तारा स्क्रीनवर दहापट मोठा कर, बारीक होईतो रिंग फिरव आणि मग रिंगला चिकटपट्टी लाव. जेपेग नको, रॉ. पोरगं उठतं तेव्हा त्याला काहीच घ्यायचं नसतं, दुर्बीण नको आणि चहाही नको. त्याच आठवड्यात आप्पांकडे मात्र नवं खोकं येतं.

सध्याचं खोकं म्हणजे इक्वेटोरियल माउंट. दुर्बिणीला ताऱ्यांच्या चालीनं फिरवणारं हे लोखंडी धूड दुर्बिणीपेक्षा महाग असतं आणि असायलाच हवं, असं आप्पा म्हणतात. फोकस तपासायला बाह्तिनोव्ह मास्क लागतो, म्हणजे तिरक्या फटींची एक चकती. ती तोंडावर लावली की ताऱ्याला तीन रेघा फुटतात आणि मधली बरोबर मध्ये आली की फोकस जमला. आप्पांनी ती अंबडच्या एका लेझर कटिंगवाल्याकडून ‘डेव्हलपमेंट सॅम्पल’ म्हणून करून घेतली. ड्रॉइंगवर टॉलरन्स घातला होता, आणि पहिला नग रिजेक्ट केला.

अंधार मोजायचं मापही त्यांच्याकडे आहे. जॉन बोर्टल नावाच्या अमेरिकन हौशी निरीक्षकानं २००१ साली आकाशाचे नऊ वर्ग पाडले: एक म्हणजे निखळ काळोख, नऊ म्हणजे महानगराचा मध्य. आप्पांच्या हिशेबी आमचं इंदिरानगर आठ, गंगापूर धरणाची मागची बाजू पाच आणि ‘पेठ-सुरगाण्याकडे जाल तितकं सोनं’. मुलीसाठी स्थळ आलं तेव्हा लोकांनी मुलाचा पगार विचारला, शेती विचारली. आप्पांनी गावाचा बोर्टल विचारला. तीन निघाला. ‘मुलाकडचे चांगले आहेत,’ असं ते घरी येऊन म्हणाले. मुलीनं नकार दिला, त्याचं दुःख त्यांना अजून आहे. तिथल्या गच्चीला दक्षिण मोकळी होती.

आप्पांचं पंचांग उलटं चालतं. इंदिरानगरच्या टोकाला एक लॉन्स आहे. लग्न असलं की तिथून दोन झोत आकाशात सोडतात. ते गोल फिरतात आणि दर वेळी मृगाच्या पोटातून जातात. म्हणून आप्पा दिवाळी संपली की नव्या कॅलेंडरमध्ये विवाहमुहूर्त बघतात आणि त्या तारखांवर फुल्या मारतात. गुरूचा किंवा शुक्राचा अस्त असला की मुहूर्त नसतात. मुलामुलींचे बाप हवालदिल होतात आणि आप्पा पेढे आणतात. चातुर्मासात लग्नं नाहीत, पण तेव्हा पाऊस. इथे त्यांचा निसर्गाशी खरा तंटा आहे. धनू-वृश्चिकेकडचा आकाशगंगेचा भरगच्च मध्यभाग रात्रभर दक्षिणेच्या आकाशातून सरकतो तो जून-जुलैत, आणि तेव्हा त्र्यंबक-इगतपुरीला ढग जमिनीला टेकलेले असतात. कॅमेरा चार महिने सिलिका जेलच्या पुड्यांसकट चिवड्याच्या हवाबंद डब्यात बसतो, नाहीतर लेन्सवर बुरशी धरते. चिवडा मऊ पडतो, पण त्याला इलाज नाही. सगळा जिल्हा मृग कधी लागतो याची वाट बघतो. सूर्य मृगात जातो तो जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी, म्हणजे तेव्हा ते नक्षत्र रात्री दिसतच नाही. ‘तुमचा मृग लागला की माझा मृग बुडतो,’ हे वाक्य ते दर वर्षी नव्यानं बोलतात.

उरला पौष. मुहूर्त नाहीत, ढग नाहीत, झोत नाहीत, मृग संध्याकाळीच वर. शुभकार्याला वर्ज्य असलेला हा महिना आप्पांचा सणाचा महिना. शिवाय थंडी, आणि थंडीत सेन्सरवर गोंगाट कमी येतो. निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की द्राक्षवाल्यांची झोप उडते आणि आप्पा खुशीत शीळ घालतात. एका द्राक्षबागायतदार मेव्हण्यासमोर त्यांनी ती एकदाच घातली. मेव्हण्यानं त्या रात्री मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवल्या. सगळा धूर वरती, कृत्तिका गायब. दोघंही आपापल्या परीनं हतबल. पहाटे त्यांनी एकाच शेकोटीवर हात शेकले आणि एकमेकांशी बोलले नाहीत.

अशाच एका पौषी अमावस्येला मी त्यांच्याबरोबर हरसूलच्या अलीकडच्या पठारावर गेलो. सामान उतरवलं. आप्पांनी ध्रुव शोधायला हात ताणून मूठ धरली. नाशिकचा अक्षांश २० अंश, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून वीसच अंशांवर. ताणलेल्या हाताच्या दोन मुठी, एकीवर एक. इतक्या खाली असलेला तारा झाडामागे नाहीतर डोंगराच्या धुरकटात लपतो. आप्पा गवतावर पालथे पडून माउंटच्या आसातल्या छोट्या दुर्बिणीत डोळा घालून त्याला हुडकत होते. डोक्याला लाल बॅटरी, कारण लाल उजेडानं अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. कानटोपी. अंगावरून काळी चादर.

साडेदहाच्या सुमाराला पाच-सहा माणसं काठ्या घेऊन जीपमधून आली. पुढे पोलीस पाटील.

‘काय चाललंय?’

‘फोटो काढतोय,’ आप्पा जमिनीवरून म्हणाले.

‘अवसेच्या रातीला? कशाचा?’

पाटलांनी बॅग उघडायला लावली. पहिल्यांदा निघाला माउंटचा तोल सांभाळणारा लोखंडी दांडा आणि त्याचं वजन. पाटलांनी दांडा हातात तोलून मागच्यांना दाखवला. पहार ओळखायला त्यांना कोणी शिकवावं लागत नव्हतं. मग निघालं लिंबू. मग सुरी. आप्पा रात्री बिनदुधाचा लिंबाचा चहा पितात, ही गोष्ट खरी आहे, पण अमावस्येच्या रात्री लाल दिव्यात ती पटवून देणं अवघड असतं. आप्पांनी खुलासा केला: ‘अहो, डोळ्यांना न दिसणारी वस्तू आम्ही अंधारातून बाहेर काढतो.’

‘गुप्तधन,’ मागून कोणीतरी म्हणालं.

काठ्या जवळ आल्या. मी घाईघाईनं कॅमेऱ्याची स्क्रीन पाटलांपुढे धरली. आधीच्या अर्ध्या मिनिटाच्या फोटोत मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ गुलाबी होऊन उमटला होता. तो १३०० प्रकाशवर्षांवर आहे, तिथे नवे तारे तयार होतात. न्यूयॉर्कजवळ हेन्री ड्रेपर नावाच्या डॉक्टरनं ३० सप्टेंबर १८८० ला ५१ मिनिटं प्लेट उघडी ठेवून त्याचा पहिला फोटो काढला, हे सगळं आप्पांनी एका श्वासात सांगितलं. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग वर पाहिलं.

‘तिकांड्याच्या खाली हाय हे?’

‘अगदी बरोबर!’ आप्पा चादर टाकून उठले.

‘तिथं धुरकट दिसतंय ते आमाला ठावं हाय. रंग नव्हता ठावं.’ बाबांनी ईशान्येकडे मान वळवली. म्हातारीचं बाजलं, म्हणजे आपले सप्तर्षी, वर आलं होतं. ‘चोर आता कुठं निघाल्यात. बारा वाजाया येळ हाय अजून.’ सप्तर्षींच्या शेपटीतले तीन तारे म्हणजे म्हातारीचं बाजलं पळवणारे तीन चोर. मी घड्याळ पाहिलं, सव्वाअकरा. आप्पांच्या मोबाइलला तिथे रेंज नव्हती आणि आकाशाचा नकाशा उघडत नव्हता, त्यामुळे पुढचा अर्धा तास सप्तर्षींच्या जागेबद्दल ते बाबांनाच विचारत होते. ‘तुम्ही रोज बघता?’ असं आप्पांनी भारावून विचारलं. ‘रोज काय बघायचं? हायेत तिथंच हायेत,’ असं म्हणून बाबांनी विडी काढली.

गैरसमज मिटला. पाटलांना वाईट वाटलं. पाहुणे आले आणि आपण त्यांना काठ्या दाखवल्या! आप्पांचं यंत्र तोवर जुळलं होतं. तीन-तीन मिनिटांचे फोटो एकामागून एक पडत होते आणि आप्पा हलक्या आवाजात मोजत होते. तेवढ्यात पाटील म्हणाले, ‘साहेब, अशा अंधारात कुठं बसलाय,’ आणि त्यांनी मायेनं जीपचे दोन्ही मोठे दिवे दुर्बिणीवर सोडले. वर हौसेला म्हणून डिपरही मारला.

एवढं होऊनही फोटो तयार होतो, हा संगणकाचा पराक्रम. पण त्याच्या आधी आप्पांच्या घरात जे विधी चालतात ते बघण्यासारखे आहेत. सेन्सरचा स्वतःचा गोंगाट वजा करायचा, तर लेन्सला झाकण लावून तितक्याच वेळाचे, तितक्याच थंडीतले फोटो घ्यावे लागतात. त्यांना डार्क म्हणतात. ‘हे झाकण लावून फोटो काढतात,’ असं वहिनींनी त्यांच्या माहेरी सांगितलं, तेव्हा तिकडून डॉक्टरचं नाव सुचवण्यात आलं. मग फ्लॅट. लेन्सवरची धूळ आणि कोपऱ्यांतली काळोखी काढायला एकसारख्या उजेडाचा फोटो लागतो, म्हणून सकाळी पांढरा बनियन दुर्बिणीच्या तोंडावर ताणून बसवायचा आणि ती आभाळाकडे रोखायची. समोरच्या इमारतीतल्या लोकांना आधी वाटायचं की आप्पा त्यांच्या खिडक्यांत बघतात. बनियन बघितल्यापासून त्यांनी पडदे उघडे ठेवायला सुरुवात केली. शेवटी सगळे फोटो एकावर एक रचायचे. रचले की खरा प्रकाश जमत जातो आणि गोंगाट सरासरीत विरतो. लॅपटॉपचा पंखा रात्रभर घुमतो.

या सोशिकतेचं घराणं आप्पा थेट दादासाहेब फाळक्यांशी जोडतात. ‘आपल्या त्र्यंबकचा माणूस! १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला आणि कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट करून टिपली. त्याच्याशिवाय ‘राजा हरिश्चंद्र’ला भांडवल मिळालं नसतं. मी वेगळं काय करतोय?’

‘त्यांच्या बायकोनं दागिने दिले होते,’ वहिनी आतून म्हणतात. ‘तेवढं सोडून बोला.’

तयार झालेला फोटो आप्पा कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतात. पहिलं उत्तर येतं: ‘छान. हे काय आहे?’ दुसरं येतं ‘नेटवर याहून स्पष्ट मिळतो’. तिसरं उत्तर म्हणजे पुण्यातल्या त्या सोळा वर्षांच्या मुलाची २०२१ ची जुनी बातमी, ज्यानं पन्नास हजारांवर फोटो जुळवून चंद्र उभा केला होता. ती बातमी आप्पांचा एक पुणेकर साडू दर वेळी पाठवतो. पुण्याकडे आयुका आहे, १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, एवढंच काय, खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणही पुणे–नाशिक रस्त्याला धरून आहे, पण पुण्याला जवळ. आप्पांना हे अंतर खुपतं. ते उत्तर देत नाहीत, फोटोचा रॉ डेटा पाठवतात. साडूच्या मोबाइलची जागा संपते.

आता सिंहस्थ आलाय, आणि आप्पांची झोप उडाली आहे. गुरू सिंह राशीत जातो म्हणून हा मेळा. गुरूला सूर्याभोवती एक फेरी घालायला बाराला थोडी कमी वर्षं लागतात, म्हणून तो बारा वर्षांनी येतो. मागचा २०१५ साली झाला, आता २०२७. ज्या योगासाठी शहर सजतंय तो योग आकाशातच घडायचा आहे, आणि घाटांवर, चौकांत, नव्या रस्त्यांवर इतके दिवे लागताहेत की, आप्पा म्हणतात, ‘गुरू दिसेल, सिंह दिसायचा नाही.’ जुने पिवळे सोडियमचे दिवे बरे होते, त्यांचा ठरावीक रंग फिल्टरनं गाळता यायचा. पांढऱ्या एलईडीत सगळेच रंग, त्यात निळा जास्त, आणि निळा हवेत अधिक विखुरतो. हे त्यांनी एका जबाबदार माणसाला तासभर समजावलं. त्या माणसानं वहीत लिहून घेतलं: ‘दिव्यांची तक्रार. इंदिरानगर. आणखी हवेत.’

सोसायटीत मात्र उलटं घडलं. गेल्या वर्षी बागेत मोठा दिवा बसवायचा ठराव आला आणि आप्पांनी विरोधात ल्युमेन, केल्विन, छत्रीचा कोन यावर असं काही भाषण ठोकलं, की चेअरमननी त्यांनाच दिवाबत्ती समितीचं प्रमुख करून टाकलं. आप्पांनी प्रत्येक दिव्याला वरून झाकणारी छत्री बसवली, पिवळसर बल्ब घातले, गच्चीवरचा दिवा काढला. बिल कमी आलं. श्रेय चेअरमननी घेतलं. त्यानंतर पार्किंगच्या कोपऱ्यात कोणाचा तरी आरसा खांबाला घासला आणि ‘अंधाराबाबत विचार करणे’ या एकाच विषयावर विशेष सभा लागली.

तारीख समितीप्रमुखांनी सुचवली. पौष अमावस्या, रात्री साडेआठ, जागा गच्ची. नोटिशीच्या शेवटी नेहमीची ओळ होतीच: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. नाशिकच्या थंडीत गच्चीवर आम्ही तिघंच, आप्पा, सेक्रेटरी आणि मी. अर्धा तास थांबणं भाग होतं. तेवढ्यात आप्पांनी तीन-तीन मिनिटांचे दहा फोटो पाडून घेतले. नऊ वाजता तहकूब सभा सुरू झाली. आहे ती व्यवस्था कायम ठेवावी, असा ठराव आप्पांनी मांडला आणि मी अनुमोदन दिलं. सेक्रेटरींनी लिहायला मोबाइलचा दिवा लावला, तर आप्पा अंगावर धावून गेले; अकरावा फोटो चालू होता. म्हणून लाल बॅटरीच्या उजेडात इतिवृत्त लिहिलं गेलं. सेक्रेटरींच्या खिशात गैरहजेरी मांडायचा लाल पेन होता, आणि लाल उजेडात लाल शाई कागदावर दिसत नाही. कोऱ्याच दिसणाऱ्या पानावर अंदाजानं आम्ही तिघांनी सह्या केल्या. सकाळी वही उघडली तेव्हा ठराव आमच्या सह्यांच्या अंगावरून तिरका जाऊन मागच्या वर्षीच्या पाण्याच्या टाकीच्या खर्चात घुसला होता, आणि ऑडिटरनं विचारलं तर काय सांगायचं, यासाठी सेक्रेटरींनी आता आणखी एक सभा बोलावली आहे.